भागूबाईची दुर्बीण

तिचं खरं नाव माहेरीच राहिलं. फुगा फुटला की पलंगाखाली, ताटली पडली की दाराआड आणि कुत्रं भुंकलं की थेट बापाच्या खांद्यावर, असं जिचं बालपण गेलं तिला भागूबाई नाही तर दुसरं काय म्हणणार? लग्न ठरलं तेव्हा धाकट्या भावानं होणाऱ्या दाजींना बाजूला घेऊन बजावलं होतं, "आमची ताई फार भित्री आहे हं, तिच्याशी जरा हळू बोला." दाजींनी ते भलतंच मनावर घेतलं आणि पहिल्याच दिवशी "काय भागूबाई?" अशी हाक मारून मोकळे झाले. तेव्हापासून ती सगळ्यांचीच भागूबाई झाली.

अशा बाईच्या हातात देवानं बंदूक द्यावी, ही त्याची करणीच म्हणायची.

बंदूक छऱ्यांची होती. पण छऱ्यांची म्हणून कुणी नाक मुरडू नये. नळी मोडून, छर्रा घालून, पुन्हा मिटायला अंगातला सगळा जोर लावावा लागे, आणि चाप ओढला की ती अशी हिसडे, की जणू आत कुणी मस्तवाल बोकड कोंडलेला आहे. तिचा छर्रा लाकडाच्या फळीतून आरपार जाई. मग माणसाचा डोळा किंवा कानशील म्हणजे काय? भागूबाई हा विचार इथवर आणून थांबवत असे. पुढचा तिला सहन होत नसे.

मालकांची पोल्ट्री वस्तीपासून जरा लांब होती. एका टोकाला अंडी उबवायची खोली, मग पिल्लांची लांबलचक शेड, आणि शेडच्या पाठीला चिकटून दोन खोल्यांचं बिऱ्हाड. त्या दोन खोल्यांत भागूबाईचा सगळा संसार. दिवसा ती अंडी निवडायची. प्रत्येक अंडं दिव्यासमोर धरायचं, आणि शंका आलीच तर कानाशी नेऊन हलकेच हलवायचं. आत काही डुचमळलं की ते बाजूला. नवरा शेड सांभाळायचा, पण त्याची खरी ख्याती वेगळीच. तो उंदीर मारायचा. त्याचा नेम असा, की हाताखालचे गडी त्याला उस्ताद म्हणत.

पोल्ट्रीत उंदीर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. एका दिवसाचं पिल्लू म्हणजे मुठीत मावणारा पिवळा कापूस. उंदीर त्याची मान धरून नेतो, तेव्हा त्याला ओरडताही येत नाही. विष घालावं, तर मेलेला उंदीर खाद्यात सापडतो आणि पिल्लांचा अख्खा लॉट हातचा जातो. मांजर पाळावी, तर कुंपणानंच शेत खाल्लं. राहिले सापळे. तर तिथले उंदीर सापळ्याला असा वळसा घालून जात, जसे आपण बडबड्या शेजाऱ्याच्या दाराला घालतो.

म्हणून बंदूक. आणि तिची एक रीत ठरून गेलेली होती. दोघांपैकी एकानं खाद्याचा पत्र्याचा डबा काठीनं वाजवत शेडभर चालत जायचं, पलीकडच्या भिंतीशी मूठ-मूठ दाणे टाकायचे, आणि तिथंच पुतळ्यासारखं उभं राहायचं. उंदरांना ती चाल ओळखीची, तो आवाज ओळखीचा. लगेच तुळईवरून, भिंतीलगतच्या नळावरून ते खाली उतरत. दुसऱ्यानं अलीकडच्या टोकाला पोत्यांवर बंदूक टेकवून बसायचं आणि एकेक टिपायचा. उभ्या माणसानं हलायचं नाही, खोकायचंही नाही. तो हलला की उंदीर पसार. एकदा डबा दोरीला टांगून बाहेरून वाजवून पाहिला होता. एकही आला नाही. भिंतीच्या आत बसून हसत असतील.

लग्नापासून नेम नवऱ्याचा आणि डबा भागूबाईचा. छर्रा तिच्यापासून दोन हातांवर येऊन लागे. गडी विचारत, "वहिनी, झुरळाला घाबरता आणि याची भीती नाही वाटत?" ती म्हणे, "चालवणारे ते आहेत ना. मग कशाची भीती?"

गेल्या हिवाळ्यात उस्तादाच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी किणकिणायला लागली, मग सदऱ्याची बटणं भागूबाई लावायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे बरं व्हायचं दुखणं नाही, सांभाळून घ्यायचं आहे. मालक काही वाईट माणूस नव्हते, पण पोल्ट्री काही धर्मशाळा नव्हती. उंदीर न मारणारा उस्ताद त्यांना कशाला हवा? आणि या वयात, असा हात घेऊन, दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

तेव्हा नवऱ्यानंच तिला शिकवलं. पहिल्या बाराला ती बंदूक टाकून पळाली होती. पण आठवडाभरात एक नवल सगळ्यांनी पाहिलं. भागूबाईचा हात दगडासारखा स्थिर राहायचा. "भीतीनं हिचा श्वासच अडकतो," नवरा गड्यांना सांगायचा, "मग हात हलणार कसा? नेमबाजाला आणखी काय लागतं?" अडचण एकच होती. तिला चाळिशी लागलेली. बंदुकीच्या टोकावरची, नेम धरायची माशी तिला धूसर दिसायची.

तेव्हा धाकटे दीर धावून आले. भाऊजींना शिकारीचा शौक. म्हणजे शिकारीपेक्षा शिकारीच्या गप्पांचा. त्यांनी कपाटातून एक लांब, काळी, जडशीळ दुर्बीण काढून आणली. "वहिनी, ही मोठ्या रायफलवरची आहे. ज्या बंदुकीनं माझा खांदा निखळायचा राहिला, तिचे धक्के हिनं वर्षानुवर्षं खाल्लेत. तुमची ही फुसकुली हिला काय करणार?"

"हत्ती पेलला त्याला शेळीचं काय ओझं!" नवरा म्हणाला. भागूबाईलाही पटलं. कुणालाही पटलं असतं. त्यातच तर सगळी चूक होती.

दुर्बीण चढली, कामांची अदलाबदल झाली. डबा नवऱ्याच्या हाती आला आणि नेम भागूबाईच्या. पहिले काही दिवस उंदीर पडलेही. फक्त दुर्बिणीतून पलीकडचं टोक जरा गढूळ दिसे, नवरा म्हणजे एक उभी सावली आणि उंदीर म्हणजे एक काळा ठिपका. तिला वाटे, दुर्बिणीतून असंच दिसत असणार. कधी कधी छर्रा बाजूला लागे. तिला वाटे, आपलंच चुकलं.

मग तो मंगळवार आला. नवरा भिंतीशी उभा होता, डबा छातीशी धरलेला. नळावर एक थोराड उंदीर उतरला. भागूबाईनं देवाचं नाव घेतलं, दुर्बिणीतली फुली त्या काळ्या ठिपक्यावर ठेवली, श्वास रोखला आणि चाप ओढला.

"ठण्!"

उंदीर पडल्याचा आवाज असा येत नाही. क्षणभर तिला काही कळलंच नाही. नवरा तसाच उभा होता. मग त्यानं डबा उचलून बघितला, आणि त्यातून दाण्यांची बारीक धार पायावर पडायला लागली.

"वा, भागूबाई!" तो मोठ्यानं हसला. "डब्याची शिकार झाली!"

ती पोत्यांवरून उठली ती धावत त्याच्यापर्यंत गेली, आणि त्याची छाती, गळा, तोंड दोन्ही हातांनी चाचपायला लागली. "अगं, आहे मी, सगळा आहे. एकही भाग गळालेला नाही." डब्याच्या पुढच्या पत्र्याला भोक पडलं होतं, मागचा पत्रा आतून फुगला होता. तो फुगवटा त्याच्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाला टेकलेला होता.

त्या दिवसापासून तिचं जेवण गेलं. अंडं दिव्यासमोर धरलं तरी आत तिला डबाच दिसे. देवासमोर हात जोडले, की मागायचं काय हे तिला सुचत नसे. "देवा, त्यांना सांभाळ" म्हणावं, तर सांभाळायचं कुणापासून? आपल्यापासून! अशी प्रार्थना कुणा बायकोनं कधी केली असेल का? तिला रडू यायचं, ते ती अंड्यांच्या खोलीतच उरकून यायची.

मालकांच्या कानावर गोष्ट गेलीच. ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले, आत मात्र आले नाहीत. "उस्ताद, महिनाअखेरीस नवा लॉट येतोय. तोवर शेड उंदरांपासून मोकळी करा. नाहीतर लॉट मी दुसरीकडे उतरवतो आणि इथं गोदाम करतो. मग तुमच्या खोल्याही लागतील मला. बाईंना जमत नसेल तर तसं सांगा, लपवू नका."

"जमतं तिला," नवरा म्हणाला.

मालक गेल्यावर ती म्हणाली, "नाही जमत. माझा हात हलला असेल."

"नाही हलला."

"तुम्ही काय बघितलंत तिकडून?"

"मी तुला शिकवलंय ना? मग बस. उद्या पुन्हा उभा राहतो."

"मी नाही चालवणार."

"मग काय, सामान बांधू?"

बंदूक उचलावी तर नवरा जाईल, न उचलावी तर घर जाईल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उंदीर.

दुसऱ्या दिवशी तिनं बंदूक पुसायला घेतली. पुसायची गरज नव्हती, पण हाताला काही चाळा हवा होता. स्क्रू सैल करून दुर्बीण वेगळी केली, फडक्यानं भिंगं पुसली, आणि रोजच्या सवयीनं, मनात काही नसताना, ती कानाशी नेऊन हलकेच हलवली.

आत काहीतरी टिकटिकलं.

तिनं पुन्हा हलवली. पुन्हा तेच. अगदी बारीक, पण अंड्यांच्या कामात कान तयार झालेला. नासलेल्या वस्तूचा आवाज तिला कुणी शिकवावा लागत नव्हता.

"अहो! ही आतून सुटलीय!"

नवऱ्यानं कानाशी धरली, तर हाताच्या कंपानं ती नुसतीच वाजायला लागली. "मला तर सगळंच वाजल्यासारखं ऐकू येतंय," तो म्हणाला. "आणि दुर्बीण काय अंड्यासारखी नासते का?"

"नासलीय. माझा हात नव्हता तो." हे म्हणताना तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिची भीती जास्तच खोल गेली. हात आपला असतो, त्याला सांगता येतं. पण जिच्यातून बघायचं तीच खोटं दाखवत असेल, तर कुणाला सांगायचं? इतके दिवस ती उंदरावर फुली ठेवत होती, आणि फुली भलतीकडेच होती. कुठं होती, ते एक देवच जाणे.

बसनं दोघं शहरात गेली. बंदुकांचं दुकान अरुंद होतं, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या बंदुकांनी आणखीच अरुंद झालेलं. भागूबाई त्या नळ्यांच्या समोरून जाताना वाकून गेली. "अगं, भरलेल्या नाहीत त्या," नवरा पुटपुटला. "म्हणून काय झालं?" ती म्हणाली.

दुकानदार किडकिडीत, म्हातारा, नाकावर चष्मा ओघळलेला. त्यानं जुनी दुर्बीण हातात घेतली, वळवून बघितली. "बंदूक कसली?"

"छऱ्यांची. नळी मोडून भरायची. झटका दांडगा आहे."

"स्प्रिंगची? आणि तिच्यावर ही बसवली कुणी?"

"माझ्या भावानं."

"भाऊ काही कारणानं रागावलाय का तुमच्यावर?"

नवरा हसला. भागूबाईला हसू आलं नाही. "पण ही तर मोठ्या बंदुकीवरची होती," ती म्हणाली. "तिचे धक्के सोसलेली."

"तेच तर. मोठ्या बंदुकीची लाथ एकाच दिशेला, मागं. तेवढंच सोसायला हिची भिंगं आतून बांधलेली असतात. तुमची स्प्रिंगची बया दोनदा हिसडते. आतला दट्ट्या सुटला की बंदूक मागं येते, आणि दट्ट्या पुढं जाऊन आपटला की गचकन पुढं. त्या पुढच्या हिसक्याला हिच्यात टेका नाही. आतली फुली निखळते. आज इंचभर, उद्या वीतभर."

भागूबाईनं हवेत हात पुढं ढकलला आणि एकदम थांबवला. मग म्हणाली, "अंड्यांची ढकलगाडी सुरू होताना अंडी फुटत नाहीत. मागं फळी असते. गाडी एकदम थांबली की फुटतात."

"बस्स, हेच." दुकानदारानं मान हलवली आणि काचेच्या फळीवर तीन दुर्बिणी मांडल्या.

तिनं सगळ्यात जड उचलली. भांडी घेताना ती नेहमी अशीच घेई. जे हाताला भारी, ते टिकाऊ. दुकानदारानं ती हळूच तिच्या हातातून काढून घेतली. "जड भांडं चुलीवर चांगलं. बंदुकीवर वजन जितकं जास्त, तितका हिसक्याला ओढा जास्त. मग दुर्बीण धरून ठेवणाऱ्या पकडीचे स्क्रू सरकतात आणि ती मागं घसरते. आणि हिच्यात लांबचं खूप मोठं दिसतं, पण तुम्हाला लांबचं बघायचंय का?"

"शेडचं पलीकडचं टोक."

"तुमच्या जुन्या दुर्बिणीत ते गढूळ दिसायचं?"

"हो! मला वाटायचं, असंच दिसतं."

"ती मैदानापलीकडचं बघायला लावलेली. जवळचं तिला दिसत नाही, आणि डोळा जरासा इकडचा तिकडे झाला तरी फुली सरकल्यासारखी वाटते." त्यानं तिसरी पुढं केली. आखूड, बसकी, रंगानंही साधीच. शेजारच्या दोघींपुढं ती गरीब नातेवाइकासारखी दिसत होती. "हिच्यात लहान-मोठं करायची सोय नाही, म्हणजे आत सुटायला तेवढे भाग कमी. फुली तारेची नाही, काचेवरच कोरलेली. पुढचं हे कडं फिरवलं की जवळचं स्वच्छ दिसतं. आणि खोक्यावर काय लिहिलंय बघा. स्प्रिंगच्या बंदुकीसाठी. हे लिहिलेलं नसेल तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, भावानं तर मुळीच नाही. पकड अखंड घ्या, दोन सुट्या कड्या नकोत. खाली ही पिन आहे, ती बंदुकीच्या भोकात बसली की घसरायला जागाच नाही."

भागूबाईनं ती कानाशी नेली आणि हलवली. नवरा खाली बघायला लागला. दुकानदार मात्र गंभीर होता. "काही ऐकू आलं?"

"नाही." तिनं दुर्बीण खाली ठेवली, पण हात तिच्यावरच राहिला. "ही नाही सुटणार?"

म्हाताऱ्यानं चष्मा वर सरकवला. "बाई, सुटत नाही अशी वस्तू मी अजून विकलेली नाही. ही इतरांपेक्षा पुष्कळ टिकेल. पण रोज कामाआधी पुठ्ठ्यावर दोन-तीन बार टाकून बघायचे. वस्तूवर विश्वास ठेवायचा, पण रोज विचारून."

परतीच्या बसमध्ये खोकं तिच्या मांडीवर होतं. तिला वाटलं होतं, नवी वस्तू घेतली की भीती दुकानातच राहील. भीती बसमध्ये चढली, तिच्या शेजारी बसली आणि घरापर्यंत आली. खोटं सांगणारी दुर्बीण गेली, हे खरं. पण आता छर्रा जिथं जाईल, तिथं तो तिनंच पाठवलेला असणार. आता सबब नाही.

पकड दोघांनी मिळून बसवली. त्यानं बंदूक गुडघ्यांत धरली, कारण पेचकस त्याला धरवत नव्हता. तिनं स्क्रू आवळले. एक जरासा, मग समोरचा जरासा, मग पुन्हा पहिला. "जोर नको लावूस, लोणच्याची बरणी नाही ती," तो म्हणायचा. मग शेडमागं वाळूच्या पोत्यावर पुठ्ठा लावला. पहिले छर्रे इकडेतिकडे गेले, तशी ती पांढरी पडली. पण तो म्हणाला, दुर्बिणीला आधी जागा समजू दे. थोडं थोडं दुर्बिणीवरचं बटण फिरवत नेम जुळवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. खांदा काळानिळा झाला. शेवटी सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली जायला लागली, आणि रात्र गेली, थंडी-ऊन गेलं, तरी ती जागची हलेनात.

"आता?" नवऱ्यानं विचारलं.

"आणखी एक दिवस."

"मालकांची गाडी येऊन उभी राहील दारात."

"आणखी एकच."

तो दिवसही गेला. दुपारी शेडमध्ये खिडक्यांवर पोती टाकून अंधुक केलं. भागूबाईनं आधी पुठ्ठ्यावर बार टाकले. सगळे जागेवर. तरी तिनं तळवे पदराला पुसले. नवऱ्यानं नवा डबा घेतला, काठी घेतली.

"चल, भागूबाई. तुझ्या भरवशावर चाललोय."

"असं नका ना म्हणू."

"बरं, देवाच्या भरवशावर."

तो डबा वाजवत गेला. ठक ठक, ठक ठक. तिनं डोळा दुर्बिणीला लावला, कडं फिरवलं, आणि पलीकडचं टोक एकदम स्वच्छ झालं. इतकं, की ती दचकली. भिंतीचा पोपडा दिसला, नळावरचा गंज दिसला. आणि तो दिसला. सावली नाही, तिचा नवरा. हनुवटीवर दाढी करताना राहिलेले पांढरे खुंट दिसले. सदऱ्याचं तिसरं बटण दिसलं, सकाळी तिनंच लावलेलं. त्यानं दाणे टाकले, डबा छातीशी धरला आणि उभा राहिला.

उंदीर उतरला. नळावरून सरकत तो नवऱ्याच्या खांद्यापासून दोन हातांवर थांबला. फुली त्याच्यावर बसली. एवढा सरळ नेम तिला आजवर कधी मिळाला नव्हता. श्वास रोखला. बोट चापावर गेलं. आणि फक्त एकदा बघून घ्यावं म्हणून तिनं फुली बाजूला नेली, नवऱ्याच्या तोंडाकडे.

त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. ओठ हलत होते, भराभर, आवाज न करता. आयुष्यभर जो तिच्या देवदेव करण्याची टिंगल करत आला, तो भिंतीशी उभा राहून एकामागून एक देवाचं नाव घेत होता. कपाळावरून घामाचा थेंब ओघळून नाकाच्या शेंड्याशी आला होता, आणि हलायचं नाही म्हणून त्यानं तो पुसला नव्हता.

तिनं बंदूक पोत्यावर ठेवली. "अहो," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "अहो! या इकडं!"

उंदीर क्षणात दिसेनासे झाले. तो डबा घेऊन तरातरा आला. "काय झालं? समोर होता ना? सोडलास कशाला?"

"डोळे का मिटले होते?"

"कोण? मी? धूळ गेली."

"दोन्ही डोळ्यांत?"

तो पोत्यावर तिच्या शेजारी बसला, आणि डबा त्यानं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला. "त्या मंगळवारपासून," तो म्हणाला. "शेडमध्ये पाऊल टाकलं की देवाचं नाव सुरू होतं."

"मग तुम्ही हसलात कसे?"

"मी नसतो हसलो, तर तू बंदूक उचलली असतीस का?"

"आणि मी तुमच्यासमोर उभी राहायची, ती वर्षं?"

"तेव्हा मला भीती वाटत नव्हती असं समजतेस?" तो म्हणाला. "रोज वाटायची. पण सांगायची सोय कुठं होती? घरात आधीच एक भागूबाई होती."

ती हसली की रडली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "दाणे टाकून तुम्ही परत इथं येऊन बसलात तर?"

"येत नाहीत ते. माणूस चालत निघाला की बिळात जातात."

"आणि मग? पुन्हा येतच नाहीत?"

हे कुणी बघितलंच नव्हतं. रीत पडली तेव्हा तो तरुण होता, घाईत होता, आणि उभं राहिलं की उंदीर लगेच येत. थांबून पाहायची वेळच कधी आली नव्हती.

तो पुन्हा गेला, दाणे टाकले आणि परत आला. तिच्या मागं पोत्याला टेकून बसला. दोघं न बोलता बसून राहिली. खिडकीतली उन्हाची तिरीप भिंतीवरून जमिनीवर उतरली. भागूबाईला वाटलं, नाही येणार, आणि मग सामान बांधायचं. मग नळावर काहीतरी काळं हललं.

फुली बसली. पण बोटाआधी तिची मान मागं वळली. तो तिथंच होता.

चाप ओढला. बंदूक मागं हिसडली, पुढं हिसडली. उंदीर खाली पडला. पलीकडच्या भिंतीशी दुसरं कुणीही नव्हतं.

महिनाअखेरपर्यंत त्यांची प्रत्येक दुपार अशीच गेली. मालक एकदा डोकावले, दोघांना मुकाट बसलेलं पाहून म्हणाले, "उस्ताद, उंदीर मारताय की ध्यानाला बसलाय?"

"दोन्ही चाललंय, मालक," नवरा म्हणाला.

लॉट आला. पेट्या उघडल्या, शेडभर पिवळा चिवचिवाट झाला, आणि खोल्या त्यांच्याच राहिल्या. भागूबाईची भीती मात्र गेली नाही. आजही ती आधी पुठ्ठा तपासते, मग देवाचं नाव घेते, फुली बसवते, आणि चाप ओढण्याआधी मान वळवून मागं बघते. त्यानं तिची मान वळायच्या आतच सांगायची सवय करून घेतली आहे.

"इथंच आहे गं. मार."

तरी ती बघतेच.